दुसरा पाय, बंद पाकीट आणि म्युऑन : मोजणारा स्वतःच्या मनाला कसा आवरतो?

लंबक

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, सवडीने वाचा.

माझं वय ४६, बरीच वर्षं धावते. दोन महिन्यांपूर्वी उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला, एमआरआय काढला, रिपोर्टात मेनिस्कसला झिजेमुळे पडलेली चीर आहे असं आलं. मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली ती चंद्रकोरीसारखी गादी. एका सर्जननी सांगितलं दुर्बिणीतून फाटलेला भाग साफ करून टाकू, दुसऱ्यांनी सांगितलं काही करू नका, तीन महिने व्यायाम करा. दोघंही अनुभवी, दोघंही मनापासून सांगत होते. आता काय करायचं?

माझं काम फिजिक्सच्या लॅबमधलं, लेसर आणि घड्याळांचं. म्हणून मी आमचे पेपर वाचते त्याच पद्धतीने हे पेपर वाचायला बसले, म्हणजे निष्कर्ष सगळ्यात शेवटी, आधी मोजलं कसं ते. आणि वाचताना एका जागी अक्षरशः खुर्चीतून उठले.

फिनलंडमधली फिडेलिटी नावाची ट्रायल आहे, २०१३ च्या डिसेंबरात छापून आली. १४६ लोक, वय ३५ ते ६५, सगळ्यांना माझ्यासारखीच झिजेची चीर, संधिवात नाही. प्रत्येकाच्या गुडघ्यात दुर्बीण घातली, आत बघून खात्री केली, मग कोण कुठल्या गटात ते लिहिलेलं पाकीट ऑपरेशन थिएटरमध्येच उघडलं. निम्म्यांची गादी खरोखर साफ केली, निम्म्यांची नाही. पण ज्यांची नाही केली त्यांच्यावर सर्जननी पूर्ण ऑपरेशन चालल्यासारखं केलं, अवजारं मागितली, पाय हलवला, सक्शन चालू ठेवलं, तेवढाच वेळ टेबलावर ठेवलं. नंतर तपासणाऱ्यांना माहीत नाही कोण कुठल्या गटातलं, पेशंटलाही माहीत नाही. वर्षभराने दोन्ही गट बरेच सुधारले होते, आणि दोघांमध्ये दखल घ्यावी असा फरक नव्हता.

खुर्चीतून उठले ते यासाठी नाही, त्याच्या पुढच्या गोष्टीसाठी. आकडे हातात आल्यावर या लोकांनी गटांना फक्त अ आणि ब म्हटलं, आणि कोणता गट कुठला हे उघड करायच्या आधी दोन निष्कर्ष लिहून काढले, अ ही खरी सर्जरी असेल तर आपण काय म्हणू आणि ब असेल तर काय म्हणू. त्यावर सह्या केल्या. मग कोड उघडला. म्हणजे आकडे बघून मनाला हवा तसा अर्थ लावायची वाटच बंद करून टाकली!

हे मी दुसरीकडे पाहिलं होतं, अमेरिकेतल्या फर्मिलॅब या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या म्युऑन प्रयोगात. म्हणून हा धागा. सूक्ष्म मोजमाप करणारे फिजिक्सवाले आणि माणसांवर ट्रायल करणारे डॉक्टर, दोघांची अडचण एकच आहे असं मला वाटायला लागलंय : आपल्याला काय उत्तर हवंय हे आपल्याला आधीच माहीत असतं, आणि ते मोजमापात कुठून तरी शिरतं. तुम्हाला काय वाटतं? डॉक्टर, फिजिओ, खेळाडू आणि फिजिक्सवाले, सगळ्यांनी लिहा.

सिग्मा_पाच

धागा आवडला. म्युऑनबद्दल मी लिहितो, माझी पीएचडी कणभौतिकीतलीच आहे, या प्रयोगात मात्र मी नव्हतो.

म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ. चुंबकीय क्षेत्रात त्याचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. तो किती वेगाने डुलतो ते अगदी बारकाईने मोजलं की निर्वात पोकळीत क्षणभर येऊन जाणाऱ्या सगळ्या कणांचा परिणाम त्या आकड्यात दिसतो, आपल्याला माहीत नसलेल्या कणांचासुद्धा. त्यासाठी १४ मीटर व्यासाचं चुंबकाचं कडं, १.४५ टेस्लाचं क्षेत्र. हे कडं आधी ब्रुकहेवन या दुसऱ्या अमेरिकन प्रयोगशाळेत होतं, २०१३ मध्ये बार्ज आणि ट्रकवरून अख्खंच्या अख्खं फर्मिलॅबला नेलं.

आता पाकिटाची गोष्ट. डुलण्याचा वेग मोजायला घड्याळ लागतं. या लोकांनी त्या घड्याळाचा ठोका मुद्दाम थोडा सरकवून ठेवला, किती ते टीममधल्या कुणालाच सांगितलं नाही. तो आकडा प्रयोगाबाहेरच्या दोन माणसांकडे, बंद पाकिटात. म्हणजे दोन-तीन वर्षं शेकडो माणसं डेटा तपासतायत, चुका शोधतायत, दुरुस्त्या करतायत, पण आपलं उत्तर जुन्या उत्तराच्या जवळ चाललंय की लांब हे कुणालाच कळू शकत नाही. सगळं पक्कं झालं, सगळ्यांनी मान्य केलं, मगच २०२१ च्या फेब्रुवारीत ऑनलाइन मीटिंगमध्ये पाकीट उघडून आकडा टाकला. पाकीट उघडल्यावर काही बदलायचं नाही हे आधीच ठरलेलं.

माझ्या दृष्टीने प्रयोगातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच, चुंबक वगैरे नंतर.

लंबक

@सिग्मा_पाच, अगदी हेच. आणि ही युक्ती बरीच जुनी आहे. १९३० च्या दशकात डनिंग्टन नावाचा शास्त्रज्ञ इलेक्ट्रॉनचा विद्युतभार भागिले वस्तुमान मोजत होता. त्याच्या यंत्रातला एक कोन उत्तर ठरवणारा होता, तो साधारण ३४० अंशांचा हवा. त्याने यंत्र बनवणाऱ्या कारागिराला सांगितलं की तो कोन ३४० च्या आसपास ठेव पण नेमका किती ते मला कळू देऊ नकोस. सगळी मोजमापं आणि आकडेमोड संपल्यावरच त्याने तो कोन नीट मोजला. एकटा माणूस, स्वतःवर नजर ठेवायला स्वतःच सोय करतोय. मला याचं फार कौतुक वाटतं.

हालचाल

लंबकताई, मी फिजिओ आहे, मुख्यतः खेळाडूंबरोबर काम करतो. तुमचा मुद्दा पटला, आणि आमच्या क्षेत्रात अशी शिस्त किती कमी आहे हे मीच कबूल करतो.

रोजचं उदाहरण घ्या. गुडघा किती वाकतो ते आम्ही गोनिओमीटरने मोजतो, तो म्हणजे दोन दांड्यांचा कोनमापक. दोन फिजिओंनी तोच गुडघा मोजला तर पाच अंशांचा फरक सहज पडतो, आणि आम्ही पेशंटला सांगतो की मागच्या आठवड्यापेक्षा चार अंश सुधारणा आहे, छान! ती सुधारणा आहे की माझा हात हे मला तरी कुठे माहीत? आणि मागच्या वेळचा आकडा समोरच्या कागदावर लिहिलेला असतो, तो बघूनच मी नवीन आकडा वाचतो. तुमच्या त्या डनिंग्टनसाहेबांनी मला उभंच केलं नसतं.

बर्फाचंही तसंच. आराम, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चौकडी १९७८ मध्ये डॉ. गेब मर्किन यांनी लिहिली, दोन पिढ्या तेच शिकल्या, आणि २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आरामामुळे भरून यायला उशीर होऊ शकतो. स्वतःचं गाजलेलं मत जाहीरपणे मागे घ्यायला हिंमत लागते.

मग डेन्मार्कमध्ये ५० हौशी खेळाडूंवर एक साधी ट्रायल झाली, २०१७ ची. मांडी किंवा पोटरीचा स्नायू फाटलेला. एका गटाचा व्यायाम दोन दिवसांनी सुरू, दुसऱ्याचा नऊ दिवसांनी. फरक फक्त एका आठवड्याचा. पण वेदना न होता पुन्हा खेळायला लागायला पहिल्या गटाला मध्यक, म्हणजे रांगेतल्या मधल्या माणसाला, ६२.५ दिवस लागले आणि दुसऱ्याला ८३. आठवडाभर जास्त आराम केला आणि तीन आठवडे गमावले! हे वाचल्यापासून मी माझी पद्धत बदलली.

ओसरी

वाचतोय. पण मनात एक बोचतंय ते लिहितो, राग मानू नका.

माझं वय ५८. सहा वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याची हीच दुर्बिणीची सर्जरी झाली. त्याआधी जिना उतरता येत नव्हता, रात्री कूस बदलताना जाग यायची. सर्जरीनंतर चार महिन्यांत मी चालायला लागलो, आजही चालतो. आता तुम्ही म्हणताय खोटं ऑपरेशन केलं असतं तरी तेवढंच झालं असतं. मग माझं दुखणं खोटं होतं का? की माझं बरं होणं खोटं?

लंबक

ओसरीकाका, राग कसला. हा प्रश्न मी स्वतःलाही विचारलाय, माझं दुखणंही तसंच खरं आहे.

तुमचं दुखणं खरं होतं आणि बरं होणंही तेवढंच खरं. ट्रायलमध्येही दोन्ही गट बरे झाले हे विसरू नका, कुणीच बरं झालं नाही असं ती म्हणत नाही. प्रश्न फक्त श्रेय कुणाला द्यायचं एवढाच आहे. माणूस डॉक्टरकडे कधी जातो, दुखणं सगळ्यात जास्त असतं तेव्हा. गुडघ्याचं दुखणं वर-खाली होत असतं, त्यामुळे शिखरावर असताना काहीही केलं तरी पुढचे महिने बहुतेक वेळा उताराचेच असतात. त्यात सर्जरीनंतर आपण नीट व्यायाम करतो, काळजी घेतो, आता दुरुस्त झालं म्हणून न घाबरता पाय टाकतो. हे सगळं एकत्र मिळून बरं होतं. त्यातला गादी कापण्याचा वाटा वेगळा काढायचा तर बाकी सगळं तस्संच ठेवून फक्त कापणं वगळावं लागतं, दुसरा मार्गच नाही.

आणि अजून एक. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांवर २००८ मध्ये अभ्यास आला होता, ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे एमआरआय काढले, गुडघा दुखतो की नाही ते न बघता. ज्यांच्या मेनिस्कसला चीर सापडली त्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात काही त्रासच नव्हता! म्हणजे एमआरआयमध्ये चीर दिसली म्हणून दुखणं तिच्यामुळेच असं ठामपणे म्हणता येत नाही. माझ्या रिपोर्टातली चीर कदाचित पाच वर्षं जुनी असेल, मी मजेत धावत असतानाची.

ओसरी

ताई, नीट समजावून सांगितलंत. पचायला वेळ लागेल पण विचार करतो. धन्यवाद.

शस्त्रवैद्य

मी अस्थिरोग सर्जन. या धाग्यावरून लोक चुकीचा निष्कर्ष काढून घरी बसतील अशी मला भीती वाटते म्हणून लिहितोय.

फिडेलिटी मला मान्य आहे. झिजेच्या चिरेसाठी मी ती सर्जरी आता क्वचितच सुचवतो, पाच वर्षांच्या फॉलोअपमध्ये तर गादी कापलेल्यांच्या एक्स-रेमध्ये झीज थोडी जास्तच दिसली. पण ती ट्रायल कुणावर होती ते बघा. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तरुण माणसाची गादी खेळताना झटक्यात उभी फाटून मध्ये येऊन अडकली असेल, तर तो वेगळा पेशंट आहे आणि त्याला वेळेत हात लावावा लागतो.

लिगामेंटचं बघा. स्वीडनमध्ये १२१ तरुण लोकांवर ट्रायल झाली, एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट तुटलेलं. एका गटाची लवकर सर्जरी, दुसऱ्याला आधी रिहॅब म्हणजे व्यायाम आणि गरज वाटली तरच पुढे सर्जरी. २०१० मध्ये दोन वर्षांचे निकाल आले, २०१३ मध्ये पाच वर्षांचे, दोन्ही वेळा गट सारखेच आणि दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्यांना पाच वर्षांत सर्जरी लागलीच नाही. लगेच सगळीकडे झालं की एसीएलला सर्जरी नको. मग २०२२ मध्ये ब्रिटनमधली ३१६ लोकांची ट्रायल आली. तिथे लिगामेंट तुटून बरेच महिने झालेले आणि गुडघा सारखा दगा देतोय असे लोक होते. त्यांच्यात सर्जरीचा गट पुढे होता. दोन्ही ट्रायल बरोबर आहेत. प्रश्न वेगळे होते.

टाचेमागच्या अकिलिसचंही सांगतो. नॉर्वेत ५५४ लोक, २०२२ चा पेपर. पूर्ण तुटलेला स्नायुबंध शिवला काय किंवा फक्त बुटात बसवला काय, वर्षभराने पेशंटच्या स्वतःच्या गुणांत फरक नाही. पण न शिवलेल्यांमध्ये पुन्हा तुटण्याचं प्रमाण ६.२ टक्के आणि शिवलेल्यांमध्ये ०.६. उलट नसेला इजा शिवलेल्यांमध्ये जास्त. आता यातलं चांगलं कुठलं? जो माणूस पुन्हा उड्या मारणार आहे त्याचं उत्तर वेगळं, जो बागेत फिरणार आहे त्याचं वेगळं. फरक नाही हे वाक्य वाचलं की कशात फरक नाही हे विचारत जा.

लंबक

@शस्त्रवैद्य, सर, तुमचा प्रतिसाद फार मोलाचा आहे आणि माझ्या मूळ लिखाणात ही बाजू कमी पडली हे मान्य करते.

तुमच्यावरून ऑर्बिटा आठवली, हृदयाची. २०१७ मध्ये २०० लोकांवर झाली. चालताना छातीत दुखणारे स्थिर अंजायनाचे पेशंट, निम्म्यांना स्टेंट आणि निम्म्यांना नुसती कॅथलॅबमधली झोप, कानात हेडफोन घालून म्हणजे बोलणं ऐकू येऊ नये. ट्रेडमिलवर फरक १६.६ सेकंदांचा आणि तोही ठामपणे सांगता येण्यासारखा नाही. फार गदारोळ झाला होता. पण त्याच टीमने मान्य केलं की आपण सगळ्यांना भरपूर औषधं देऊन मग मोजलं, म्हणजे प्रश्न औषधांवर अजून स्टेंटचा फायदा किती असा झाला. मग २०२३ मध्ये ३०१ लोकांवर ऑर्बिटा-२ केली, अंजायनाची औषधं बंद करून. तेव्हा स्टेंटचा फायदा स्पष्ट दिसला, ट्रेडमिलवर साधारण मिनिटभर आणि दुखण्यातही. स्वतःच्याच गाजलेल्या निकालाला दुसऱ्या बाजूने तपासलं त्यांनी. हे वाचून मला त्या टीमबद्दल खूप आदर वाटला.

पायवाट

माझा प्रश्न थोडा वेगळा. मुलगी १७ वर्षांची, फुटबॉल खेळते, एसीएलची सर्जरी होऊन सहा महिने झाले. टेस्टमध्ये ऑपरेशनच्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या ९१ टक्के आली, ९० च्या वर म्हणजे पास असं सांगितलं, आता ती मॅचला जायचंच म्हणून बसलीये, रोज भांडण. ती म्हणते आकडा आला ना, मग तू का घाबरतेस. मी काय उत्तर देऊ?

हालचाल

पायवाटताई, तिच्या सर्जनशी आणि फिजिओशी बोलूनच काय ते ठरवा, इथे कुणी तिचा पाय तपासलेला नाही. पण दोन गोष्टी त्यांना नक्की विचारा.

पहिली, वेळ. डेलावेअर आणि ऑस्लोच्या एकत्रित अभ्यासात, २०१६ चा, दिशा बदलायच्या खेळांमध्ये परतणं जितकं लांबवलं तितका धोका कमी झाला, नवव्या महिन्यापर्यंत दर महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचं प्रमाण साधारण निम्म्याने घटलं. नऊ महिन्यांनंतर अजून थांबून तसा जास्तीचा फायदा दिसला नाही. हा अभ्यास शंभराच्या आसपास लोकांचा आहे, त्यामुळे आकडा दगडावरची रेघ समजू नका, पण दिशा स्पष्ट आहे. तुमची मुलगी सहाव्या महिन्यात आहे.

दुसरी, तो ९१ टक्क्यांचा आकडा. दुसऱ्या पायाच्या ९१ टक्के. पण दुसरा पाय कसा आहे? सहा महिने ती पळालीच नाहीये, म्हणजे चांगला पायही बारीक झालेला असतो. कमजोर झालेल्या पायाशी तुलना केली की ९० सहज येतात. २०१७ मध्ये ७० खेळाडूंवर हेच तपासलं. सहा महिन्यांनी चांगल्या पायाशी तुलना केली तर ५७ टक्के लोक सगळ्या टेस्ट पास झाले. तीच तुलना चांगल्या पायाच्या सर्जरीआधीच्या आकड्यांशी केली तर फक्त २९ टक्के पास. आणि त्या ७० पैकी ११ जणांचं लिगामेंट पुढे पुन्हा गेलं, त्या ११ पैकी ८ जण पहिल्या पद्धतीने पास झालेले होते.

सर्जरीआधी चांगल्या पायाची ताकद कुणी मोजून ठेवली होती का ते शोधा. ठेवली असेल तर सोनं आहे.

लंबक

@हालचाल, हा प्रतिसाद वाचून मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले. हा तर किलोग्रॅम आहे!

सांगते. १८८९ पासून जगातला एक किलो म्हणजे पॅरिसजवळ तळघरात काचेखाली ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल. त्याच्या प्रती देशोदेशी. शंभर वर्षांनी सगळ्या पुन्हा शेजारी आणून तोलल्या तेव्हा मूळ दंडगोल आणि प्रती यांच्यात साधारण ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला. आता बदललं कोण? मूळ हलका झाला की प्रती जड झाल्या? सांगताच येत नाही, कारण व्याख्येनुसार मूळ दंडगोल नेहमीच बरोब्बर एक किलो! ज्याच्याशी तुलना करायची तोच बदलतोय आणि तो बदलतोय हे त्याच्यावरून कधीच कळणार नाही. म्हणून शेवटी २० मे २०१९ पासून ती वस्तूच बाद केली आणि प्लांकचा स्थिरांक या निसर्गातल्या न बदलणाऱ्या आकड्यावर किलो बेतला.

पायवाटताई, तुमच्या मुलीचा चांगला पाय हा तो तळघरातला दंडगोल आहे. तिला असं सांगून बघा की आकडा खोटा नाही, पण ज्याच्याशी मोजलाय तो पायही सहा महिने आजारीच होता.

पायवाट

सर्जरीआधीचा रिपोर्ट सापडला!! चांगल्या पायाची ताकद लिहिलेली आहे. त्याच्याशी भागलं तर ९१ चे ७८ होतात. तिच्या फिजिओंना पाठवला, ते म्हणाले बरं झालं दाखवलंत, परत बसून ठरवू. मुलगी चिडली आहे पण आकडा स्वतः तिनेच भागून बघितला. दोघांचे मनापासून आभार.

सिग्मा_पाच

वा, हे वाचून बरं वाटलं.

मला खात्रीच्या आकड्याबद्दल लिहायचं होतं. मेडिसिनमध्ये योगायोगाने असं दिसायची शक्यता विसात एकपेक्षा कमी असली की निकाल मानतात. आमच्याकडे शोध लागला म्हणायला पाच सिग्मा लागतात, म्हणजे साधारण ३५ लाखांत एक. लोकांना वाटतं म्हणजे फिजिक्स जास्त कडक. तेवढं सोपं नाहीये. सिग्मामध्ये फक्त तुम्हाला माहीत असलेल्या चुका धरलेल्या असतात.

२०११ मध्ये ऑपेरा नावाच्या प्रयोगाला न्यूट्रिनो हे अतिहलके कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचताना दिसले, स्वित्झर्लंडमधल्या सर्न प्रयोगशाळेपासून इटलीतल्या ग्रॅन सासोपर्यंत, ७३० किलोमीटर. सहा सिग्मा! आणि मुख्य कारण निघालं एक फायबरची केबल नीट घट्ट बसलेली नव्हती. सिग्माला केबल कळत नाही. त्या लोकांनी मात्र आम्ही प्रकाशाला हरवलं असं कधीच म्हटलं नाही, आम्हाला चूक सापडत नाहीये, तुम्ही शोधा असं म्हटलं.

आणखी जवळचं उदाहरण डब्ल्यू बोसॉन या कणाचं. २०२२ मध्ये फर्मिलॅबच्या सीडीएफ प्रयोगाने वस्तुमान सांगितलं ८०,४३३.५, चूक ९.४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, हे कणांच्या वस्तुमानाचं एकक. थिअरीपेक्षा सात सिग्मा लांब, सगळीकडे खळबळ. २०२४ मध्ये सर्नच्या सीएमएस प्रयोगाने सांगितलं ८०,३६०.२, चूक ९.९. तेवढाच बारीक प्रयोग आणि थिअरीला चिकटून बसलेला. दोघांपैकी कुणाच्या तरी हिशोबात अशी चूक आहे जी त्यांनी धरलेली नाही. म्हणून दुसऱ्या टीमने, दुसऱ्या यंत्राने, पुन्हा मोजणं याला पर्याय नाही. सात सिग्माने ते काम होत नाही.

हालचाल

आमच्याकडे पुन्हा मोजणं फार कमी होतं. रक्तातून प्लेटलेट वेगळ्या काढून इंजेक्शन देतात त्याचंच बघा, पीआरपी. सुरुवातीला थक्क करणाऱ्या गोष्टी ऐकू यायच्या, अमुक खेळाडू तीन आठवड्यांत परत. मग सलाइनच्या इंजेक्शनशी तुलना केली. २०१० मध्ये अकिलिसच्या दुखण्यावर ५४ लोक, फरक नाही. २०१४ मध्ये हॅमस्ट्रिंगवर म्हणजे मांडीमागच्या स्नायूंवर ८० खेळाडू, फरक नाही. २०२१ मध्ये पुन्हा अकिलिसवर २४० लोक, खोट्या इंजेक्शनशी तुलना, फरक नाही. तरी मागणी आहेच, कारण सुई टोचली की काहीतरी केल्यासारखं वाटतं.

आणि ज्याला सुई लागत नाही, मशीन लागत नाही, तो नॉर्डिक व्यायाम! गुडघ्यावर बसायचं, कुणीतरी घोटे धरायचे आणि हळूहळू पुढे झुकायचं. डेन्मार्कमध्ये ९४२ फुटबॉलपटूंवर तपासला, २०११ चा पेपर, ज्यांनी केला त्या गटात हॅमस्ट्रिंगच्या १५ इजा, ज्यांनी नाही केला त्यांच्यात ५२. एवढा सरळ फरक आमच्या क्षेत्रात क्वचित दिसतो. तरी टीमला करायला लावणं म्हणजे दमछाक असते, पहिले दोन आठवडे मांड्या दुखतात म्हणून मुलं सोडून देतात. खरंच कळकळीने सांगतो, कुणी कोच हे वाचत असतील तर ते पहिले दोन आठवडे धीर धरा, सुरुवातीला कमी संख्येने करून घ्या.

शस्त्रवैद्य

नॉर्डिकला +१.

@सिग्मा_पाच, म्युऑनचं पुढे काय झालं ते राहिलं. नवीन कण सापडला का?

सिग्मा_पाच

नाही सापडला, आणि ती गोष्ट मला जास्तच आवडते. २०२१ मध्ये पाकीट उघडलं तेव्हा जुन्या ब्रुकहेवनच्या आकड्याशी जुळलं आणि दोन्ही मिळून थिअरीपासून ४.२ सिग्मा लांब आलं. पण एप्रिलमध्ये हा निकाल जाहीर झाला त्याच दिवशी दुसऱ्या एका गटाने सुपरकॉम्प्युटरवर केलेलं थिअरीचं नवीन गणित छापलं, ते प्रयोगाच्या बरंच जवळ होतं. पुढची चार वर्षं प्रयोगवाले मोजत राहिले आणि थिअरीवाले आपसात तपासत राहिले. जून २०२५ मध्ये शेवटचा निकाल आला, अब्जात १२७ भाग इतका बारीक, ठरवलेल्या १४० पेक्षाही चांगला. आकडा जागचा हलला नाही. हलली ती थिअरी, आणि आता दोघांमध्ये मोठा फरक उरला नाही. थिअरीतल्या जुन्या आणि नव्या पद्धती एकमेकींशी का जुळत नाहीत हे मात्र अजून सुटायचंय.

वीस वर्षं लोकांना नवीन कण हवा होता. घड्याळ उघडं असतं तर कुणीतरी नकळत त्या बाजूला ढकललं नसतं याची खात्री मी देऊ शकत नाही. पाकीट होतं म्हणून आज तो आकडा सगळे डोळे मिटून वापरतात.

ओसरी

लंबकताई, तुमच्या गुडघ्याचं काय ठरलं ते सांगा.

लंबक

काका, व्यायाम. सर्जरी नाही, निदान आत्ता तरी नाही. गुडघा अडकत नाही, सुजत नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं ऐकलं. अडकायला लागला तर लगेच दाखवायचं हेही त्यांनी सांगितलंय.

माझ्या फिजिओना हा धागा वाचायला दिला. त्यांनी आपणहून सुचवलं की दर आठवड्याला दोन्ही पायांची ताकद मोजू, डिस्प्ले माझ्याकडे न ठेवता त्यांच्या असिस्टंटकडे ठेवू, आकडा ते लिहितील आणि पाकिटात घालतील, मला आणि फिजिओना दोघांनाही बारा आठवडे दिसणार नाही. बारा आठवड्यांनी येऊन लिहीन.

लंबक

बारा आठवडे झाले, काल पाकिटं उघडली.

उजव्या, म्हणजे दुखऱ्या पायाची ताकद पहिल्या आठवड्यात ३१ किलो, आता ३८. डाव्या पायाची ३८ होती, आता ४६. यंत्राची चूक दोन-तीन किलोची धरली तरी दोन्ही पाय सुधारलेत. दुखणं बरंच कमी आहे, जिना उतरताना आठवण येते तेवढी. यात व्यायामाचं श्रेय किती आणि काळाचं किती हे एका माणसावरून मला सांगता येणार नाही, काका.

आणि @हालचाल, हे खास तुमच्यासाठी. दुखऱ्या पायाला चांगल्या पायाने भागलं तर पहिल्या आठवड्यात ८२ टक्के, काल ८३. फक्त तेवढाच आकडा बघितला असता तर मी आणि फिजिओ दोघंही म्हणालो असतो की तीन महिने वाया गेले.